निळी पुडी

“बाबुराव येलव्यांचा पाय हॉस्पिटलने कापला, साहेब, पण कागदावरून तो पुसलात तुम्ही. तुम्हाला माहीत होतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या खोलीत, सगळं माहीत होतं. आणि तरी तुम्ही लिहिलंत, कुणाला काही झालं नाही.”

एवढीच चार वाक्यं. सुंदराबाई कासारे आठ दिवस ती पाठ करत होती. नळावर, जिन्यात, भाकरी थापताना. तक्ता हातात घेऊन दोनशे बायांसमोर क्षयरोगावर बोलायची तिला सवय, पण ही चार वाक्यं काही केल्या बसत नव्हती. चौथ्याला आवाज फाटायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि दुसऱ्यापाशी येईतो कंटाळा यायचा. राग तरी माणसाने किती दिवस गरम ठेवायचा? चहा सारखा सारखा उकळला की नुसता कडू होतो, तसं झालं होतं तिचं.

वरळीच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर तिची खोली. वय चोपन्न. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन कल्याणला. परळच्या एका संस्थेत ती अकरा वर्षं आरोग्यसेविका होती. जिथे एकेकाळी गिरणीचं सूतखातं होतं तिथे आता काचेची इमारत उभी आहे, तिच्या सातव्या मजल्यावर ही संस्था. झाडपाल्याच्या औषधांवर संशोधन, आरोग्यशिक्षण, फोनवरून आजाऱ्यांची विचारपूस, असली मोठी कामं. सातव्या मजल्यावर बसतात त्यांना संशोधक म्हणतात. खाली उतरून जिने चढतात त्यांना ताई म्हणतात. अकरा वर्षांत सुंदराबाई किती जिने चढली याचं संशोधन कुणी केलं नाही. तिच्या गुडघ्यांना विचारलं असतं तर आकडा मिळाला असता.

अडीच वर्षांपूर्वी संस्थेने मधुमेहावर एक चूर्ण काढलं. जांभळाची बी, मेथी, गुळवेल आणि आणखी दोनतीन पाले. त्याने खरंच साखर उतरते का हे तपासायचं तर ते माणसांवरच तपासावं लागतं, आणि साखरेची एवढी माणसं एका छपराखाली मिळायला चाळीसारखी जागा नाही. सुंदराबाईच्याच इमारतीतली बेचाळीस माणसं निवडली. अर्ध्यांना खरं चूर्ण, अर्ध्यांना नुसतं भाजलेलं ज्वारीचं पीठ, जिभेला फसवण्यापुरतं कडू केलेलं. कुणाच्या वाट्याला काय आलंय ते कुणालाच माहीत नाही. सुंदराबाईलाही नाही. पुड्या दिसायला एकसारख्या, प्रत्येकीवर त्या त्या माणसाचा नंबर, आणि ओळखायला रंगाची एक पट्टी. काही पुड्यांना निळी, काहींना केशरी. सहा महिने, रोज सकाळी एक पुडी कोमट पाण्यातून.

“हेच रंग कशाला गं?” सुंदराबाईने नूपुरला विचारलं होतं. नूपुर म्हणजे या कामावर नेमलेली संस्थेची मुलगी. पुण्याची, हुशार, बोलायला गोड.

“काकू, पॅकिंगवाल्याकडे तेच दोन रोल शिल्लक होते. का हो?”

“काही नाही. असंच.”

सातव्या मजल्यावरून बघितलं तर निळा म्हणजे निळा आणि केशरी म्हणजे केशरी. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर तसं नसतं. तिथे वीसच्या वीस दारांवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि चौदा एप्रिलच्या निळ्या पताका पुढच्या चौदा एप्रिलला बदलायच्या म्हणूनच उतरतात.

पहिल्या दिवशी पुड्यांचा खोका घेऊन ती समोरच्या दारात गेली. त्रेसष्ट नंबरची खोली, बाबुराव येलवे. सहासष्ट वर्षांचा माणूस, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संप झाला, गिरणी गेली, मग वीस वर्षं कुठे कुठे वॉचमनी केली. बायको वारलेली, मुलगा विरारला. त्यांचा नंबर एक्केचाळीस. पुडी केशरी.

“ही काय आणलीस?”

“पुडी, दादा. रोज एक.”

“ती कळली. रंग कसला आणलास?”

“रंगाला काय करायचंय? पट्टी फाडायची, आतलं पोटात टाकायचं.”

“सुंदरे, पन्नास वर्षं निळ्या झेंड्याखाली चाललो. आता साखर उतरवायला हे पोटात घालू? आतड्यांचा मोर्चा निघंल!”

पॅसेजमधली दारं उघडीच होती. सगळा मजला हसला. तेवढ्यात तळमजल्यावरचा दत्ताराम परब हातात आपला खोका घेऊन जिना चढून आला. मालवणचा माणूस, बेस्टमधून रिटायर झालेला, तोंडात सदा पान.

“गो सुंदराबाय, माका ही निळी कित्याक दिलंस? औषध मी देवाकडे ठेवतंय. बायल म्हणता, देवाकडे केशरी बरी दिसात.”

“घ्या!” बाबुराव म्हणाले. “देवानंच धाडला.”

“देवाक तू मानतंस खंय रे?”

“नाही मानत. पण तुझा मानतो, फुकट पुडी बदलून देतोय तर.”

नंबर बदलायचा नाही, खोका बदलायचा नाही, हे सुंदराबाईला प्रशिक्षणात तीन वेळा सांगितलं होतं. तिला ते पाठ होतं. पण दोघं म्हातारे हसत उभे होते, मजला हसत होता, आणि एका रंगाच्या पट्टीने काय आभाळ कोसळणार असं तिला वाटलं. तिने आपल्या हाताने खोके बदलून दिले.

बस. मग काय, दार उघडलं ते उघडलं. या इमारतीत मटणाची वाटी एका खोलीतून निघाली की तीन खोल्या फिरून भरलेलीच परत येते. डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी एकाने आणायची आणि मजल्याने संपवायची. तिथे पुड्या काय, महिन्याभरात वीस-बावीस खोके इकडचे तिकडे झाले. वरच्या मजल्यांनी निळे घेतले, खालच्यांनी केशरी. “या इमारतीत हे दोन रंग भांडणाशिवाय पहिल्यांदाच बदलले गेले,” असं बाबुराव येईल त्याला ऐकवायचे. दत्ताराम आणि ते संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून एकमेकांची साखर विचारायला लागले.

आणि फोन. सहभागी झालेल्या प्रत्येकाला रोज सकाळी सात वाजता फोन यायचा. आधीच बोलून ठेवलेला बाईचा आवाज. नमस्कार, आज आपण पुडी घेतलीत का? घेतली असल्यास एक दाबा. सातच्या ठोक्याला सगळ्या पॅसेजमध्ये एकदम रिंगा वाजायच्या. बाबुराव खुर्ची ओढून फोनची वाट बघत बसायचे. “घेतली गं बाई, घेतली,” म्हणत एक दाबायचे. एकट्या माणसाला दिवसातून एकदा कुणीतरी विचारतंय, एवढं त्यांना पुरत होतं.

त्या फोनमध्ये एक गोष्ट नव्हती. महापालिकेच्या दवाखान्यातली साखरेची गोळी, जी सगळे आधीपासून घेत होते, ती चालूच ठेवायची होती. चूर्ण तिच्या जोडीला होतं, तिच्या जागी नव्हतं. हे संमतीच्या कागदावर चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं. सुंदराबाईने पहिल्या दिवशी ते प्रत्येक दारात सांगितलंही होतं. तिने एकदा सांगितलं. फोनने रोज सकाळी पुडी विचारली आणि गोळी एकदाही नाही. मग म्हातारा कुणाचं ऐकणार?

तिसऱ्या महिन्यात बाबुरावांच्या फडताळावरच्या बिस्किटाच्या डब्यात तिला गोळ्यांच्या चार पट्ट्या सापडल्या. एकही गोळी काढलेली नव्हती.

“दादा, हे काय?”

“आता कशाला ती? फोनवाली बाई विचारते का तिचं?”

“फोनवाली विचारत नाही, मी विचारतेय ना!”

“तू काय, तू घरचीच. ती हाफिसातली. हाफिसातल्यांना जास्त कळतं.”

ती भांडली. त्यांच्यासमोर एक गोळी गिळायला लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा बंद. संस्थेने तिला दिलेल्या टॅबमध्ये चार चौकोन होते: पुडी घेतली, घेतली नाही, त्रास झाला, माघार. गोळी बंद केली असा चौकोन नव्हता. पुड्या आपसांत बदलल्या असाही नव्हता. जे घडेल असं सातव्या मजल्यावर कुणाला वाटलं नाही, त्याला चौकोन नसतो. म्हणून सुंदराबाईने तिच्या वहीत लिहिलं. शाळेत असते तसली लांबट वही, अकरा वर्षं ती असल्याच वह्या वापरायची. पानाच्या वर तारीख घातली आणि खाली लिहिलं:

‘क्र. ४१ बाबुराव येलवे, खोली ६३. दवाखान्याची गोळी दीड महिना बंद. म्हणतात, फोन विचारत नाही. इमारतीत वीस-बावीस जणांनी पुड्या बदलल्या आहेत. पहिली मी बदलून दिली. माझी चूक आहे. काय करू?’

स्वतःची चूक लिहायला तिला अख्खी दुपार लागली होती. नूपुरने पान वाचलं, तिचा चेहरा उतरला. तिने लगेच पानाचा फोटो काढून कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर संस्थेचे प्रमुख, मोठे साहेबही होते. संध्याकाळी साहेबांनी फोटोखाली अंगठा टाकला. पिवळा, ताठ अंगठा.

सुंदराबाईला हायसं वाटलं. साहेबांनी वाचलं म्हणजे आता वरून काहीतरी येणार. फोनमध्ये गोळीचं वाक्य घालतील, पुड्या परत मागवतील, तिला ओरडतील, कामावरून काढतील, काहीही. ती वाट बघत राहिली. अकरा वर्षांत तिला एकच गोष्ट पक्की शिकवली होती: आपल्या मनाने काही करायचं नाही, विचारायचं. तिने विचारलं होतं. आता उत्तर येईपर्यंत थांबायचं. एका अंगठ्यावर विसंबून ती दोन महिने थांबली, आणि हीच गोष्ट ती आता स्वतःला माफ करू शकत नव्हती.

पाचव्या महिन्यात बाबुरावांच्या टाचेला चप्पल लागली. साधी जखम. साखर चढलेल्या पायाला साधी जखम नसते. आधी दोन बोटं गेली, मग घोट्याच्या वरपासून पाय. सुंदराबाईने टॅबमध्ये ‘त्रास झाला’ हा चौकोन दाबला. हॉस्पिटलात पडलेल्या माणसाचा फोन कोण उचलणार? सात दिवस कुणी एक दाबलं नाही, तेव्हा मशीनने आपणहून एक्केचाळीस नंबरपुढे लिहून टाकलं: सहभागीने स्वेच्छेने माघार घेतली.

हे तिला कळलं गेल्या आठवड्यात. संस्थेत आकडे भरणारी सॅन्ड्रा डिमेलो, माझगावची, दुपारी डबा खायला सुंदराबाईला आपल्या टेबलाशी बोलवायची. अहवाल छापून आला होता, इंग्रजीत. भाताचे घास घेत सॅन्ड्रा वाचून मराठीत सांगत होती.

“बघ, लिहिलंय, चूर्ण सुरक्षित आहे. गंभीर त्रास, शून्य. एकालापण नाय.”

“आणि बाबुराव?”

सॅन्ड्राने पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ तिने दोनदा मनात वाचली, मग सांगितली. माघार.

“आणि हे बघ, शेवटी रंग उघडलेत. केशरी म्हणजे औषध. निळी म्हणजे पीठ.”

“निळी पीठ होती?”

“हां गं. ज्वारी.”

म्हणजे तिसरा मजला सहा महिने मोठ्या अभिमानाने भाकरीचं पीठ पाण्यात कालवून प्यायला होता. सुंदराबाईला हसू आलं आणि त्या हसण्याचीच तिला भीती वाटली. सॅन्ड्राने डब्याचं झाकण लावलं.

“पुढं ऐक. पुढच्या महिन्यापासून घोडपदेवला. चारशे माणसं. सेम पुडी, सेम फोन.”

“फोनमध्ये गोळीचं घातलं?”

“सेम म्हणतेय ना मी. एक अक्षर बदललं नाय. मीच चढवलाय तो आवाज.” मग आवाज खाली आणून, “सुंदराबाई, मी तुला काय बी सांगितलं नाय हां. माझ्या घरात दोघं शिकतायत.”

संध्याकाळी ती बाबुरावांकडे गेली. ते खाटेवर बसले होते, राहिलेल्या पायावर चादर घेऊन, काठी उशाशी. इमारत आता अर्धी रिकामी झाली होती. लोक नव्या टॉवरमध्ये नाहीतर भाड्याच्या जागेत गेले होते, पॅसेजमध्ये सातला चारपाचच फोन असायचे आणि तेही वाजत नव्हते. तिने सगळं सांगितलं. पिठाचं ऐकून ते खो खो हसले.

“म्हंजे दत्त्याने माझं औषध खाल्लं! तरीच लेकाचा टुणटुणीत.”

“हसू नका दादा. मी बदलून दिली होती.”

“मी मागितली होती. तू नसती दिलीस तर मी भांडून घेतली असती. ते सोड. पुढं काय लिवलंय?”

तिने माघार सांगितली. त्यांचं हसणं एकदम बंद पडलं.

“कुणी घेतली माघार?”

“मशीनने लिहिलं. आपोआप.”

“मशीन मी बी चालवलंय, सुंदरे. साच्याला धागा तुटला की साचा आपोआप थांबतो. थांबल्यावर माणूस जाऊन बघतो का तुटला. हितं कोण बघायला आलं?” ते चादर मुठीत धरून बसले. “संपात दीड वर्ष पोरांना कण्या खाऊ घातल्या. मुकादम घरी येऊन सांगायचा, ये कामावर, चुपचाप ये. गेलो नाही. आणि एका पुडीतनं मी पळालो? पाय गेला तो गेला. पळपुटा म्हणून नको लिवू देऊस मला. एवढं कर.”

एवढं कर. अकरा वर्षांत सुंदराबाईला लोकांनी रेशनकार्ड, औषधं, दाखले, कायकाय मागितलं होतं. एक ओळ खोडून मागणारा हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी ती दत्तारामाकडे गेली. तो आता नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहत होता. लिफ्टला घाबरायचा, म्हणून बहुतेक घरातच. पिठाची गोष्ट ऐकून त्याने पान थुंकायला उठायचं निमित्त केलं आणि बराच वेळ मोरीतून बाहेर आला नाही.

“माझी साखर उतारली, गो. डॉक्टर शाबास म्हणालो.” त्याचा चेहरा ओढला होता. “आणि बाबुचो पाय गेलो.”

“दादरला कार्यक्रम आहे, अहवालाचा. तुम्ही येऊन दोन शब्द सांगा, पुड्या बदलल्या होत्या म्हणून.”

“माका स्टेजवर नको. माझा जीव थरथरता.” तो देवघरापाशी गेला आणि फुलवाती ठेवलेली एक रिकामी पुडी घेऊन आला. केशरी पट्टी, खाली छापलेला नंबर एक्केचाळीस. वाती त्याने तळहातावर ओतून घेतल्या. “ही घेवन जा. ही बोलात माझ्यापेक्षा.”

तिने पुडी पिशवीत घातली. सांगावं असं बरंच होतं, पण दमलेल्या माणसाने दमलेल्या माणसाला किती ओढायचं?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नूपुरचा फोन आला. सॅन्ड्राने काही सांगितलं नसणार. पण सुंदराबाईने ग्रुपवर त्या जुन्या फोटोखाली पुन्हा एकदा लिहिलं होतं, काय करू? तेवढं पुरलं.

“काकू, प्लीज. कार्यक्रमात नको. तुम्हाला शाल देणार आहेत, पाच ओळी लिहून दिल्यात, तेवढ्या वाचा. नंतर आपण शांतपणे बोलू.”

“कधी नंतर? घोडपदेवच्या पुड्या वाटून झाल्यावर?”

“अहवालावर माझं नाव आहे हो खाली.”

“तुझं खाली आहे. साहेबांचं वर आहे. बाबुराव एक्केचाळीस आहेत. मी कुठेच नाही. आता सांग, कुणाला काय जाणार आहे?”

नूपुर रडत होती असं वाटलं. सुंदराबाईला तिची कीव आली. एवढीशी पोर, तिनेही पान वर पाठवलंच होतं. पण पाठवून वाट बघत बसण्याचं पाप दोघींच्या माथी सारखंच होतं, आणि कीव करून ते फिटणार नव्हतं.

“नूपुर, मी तुझं नाव नाही घेणार. पण मी बोलणार. माझंही सांगणार, पहिली पुडी मी बदलली म्हणून. मला काढा कामावरून. गुडघे तसेही गेलेत.”

दादरच्या सभागृहात सकाळी अकराला खुर्च्या भरल्या. मंचावर फुलं, मागे पानाफुलांचं चित्र असलेला मोठा बॅनर, बाजूला नारळ आणि शालींचा ढीग. पुढच्या दोन रांगांत घोडपदेवच्या नव्या सेविका बसल्या होत्या. नवे टॅब मांडीवर, नव्या पिशव्या खांद्याला. त्यातली एक, पंचविशीतली, कुणाच्या तरी कानात हसत काही सांगत होती. सुंदराबाईला तिच्याकडे बघवेना. सगळ्यात मागे, दाराजवळ, बाबुराव बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, काठी दोन्ही हातांत उभी धरलेली. टॅक्सीतून उतरताना त्यांना आत आणायला पंधरा मिनिटं लागली होती. साहेब त्यांच्याच बाजूने आत गेले. ओळख नव्हती, म्हणून नमस्कारही नव्हता.

साहेबांचं भाषण चांगलं होतं. आपल्या मातीतलं औषध, शास्त्राची कसोटी, आणि घराघरात पोचलेला फोन. टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालिकेने सांगितलं की चाळीतल्या आपल्या ज्येष्ठ सेविका आता अनुभव सांगतील.

सुंदराबाई वर गेली. शाल खांद्यावर पडली. लिहून दिलेल्या पाच ओळींचा कागद तिने घडी घालून माइकच्या खाली ठेवला. आठ दिवस पाठ होत नव्हती ती चार वाक्यं एकापाठोपाठ एक बाहेर आली. चौथ्याला आवाज फाटला नाही. राग उरलाच नव्हता, नुसता थकवा होता, आणि थकलेल्या माणसाचा आवाज फाटत नाही.

नूपुर खाली मान घालून बसली होती. साहेब हसले, माइक आपल्याकडे ओढला.

“ताई भावनाविवश झाल्यात. साहजिक आहे. ताई, आपण ऑफिसमध्ये बोलू.”

“ऑफिसातच लिहिलं होतं साहेब, वहीत.” तिने माइक धरूनच ठेवला. “मी शिकलेली नाही फार. माझ्याकडून चूक झाली. रंग आवडला नाही म्हणून मी बाबुरावांची पुडी बदलून दिली. ही बघा केशरी, नंबर एक्केचाळीस, दुसऱ्याच्या देवघरातून आणलीय. माझ्या मागोमाग वीस-बावीस जणांनी बदलल्या. म्हणजे तुमचे आकडे सगळे खोटे. हे मी लपवलं नाही. तिसऱ्या महिन्यात लिहून दिलं.”

“ताई, प्रत्येक अभ्यासात काही त्रुटी...”

“थांबा. माझं झालेलं नाही.” ती पुढच्या रांगेकडे वळली. “बायांनो, तुम्हाला टॅब मिळालेत. त्यात चार चौकोन आहेत. जे चौकोनात बसत नाही ते वहीत लिहा, वहीचा फोटो आपल्याजवळ ठेवा. आणि दवाखान्याची गोळी बंद करायची नाही, हे रोज सांगा. फोन सांगणार नाही. तुम्ही सांगा. रोज.”

ती पंचविशीतली मुलगी आता हसत नव्हती. तिने पिशवीतून पेन काढलं.

सुंदराबाईने आपला फोन काढला. काचेला तडा गेलेला, तरी पान दिसत होतं. तिने चष्मा चढवला आणि वाचलं. नंबर, नाव, गोळी दीड महिना बंद, फोन विचारत नाही, पहिली मी बदलून दिली, माझी चूक आहे. काय करू?

“याच्या खाली तुमचा अंगठा आहे, साहेब. माझी आजी अंगठा द्यायची, तिला वाचता येत नव्हतं म्हणून. सावकाराने काय लिहिलंय ते तिला कळायचं नाही. तुम्हाला तर सगळं वाचता येतं. तुम्ही वाचून दिलात.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेबांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते तिथे विसरून राहिल्यासारखं.

“मी विचारलं होतं, काय करू. एवढंच विचारलं होतं. दोन महिने वाट बघितली मी. त्या दोन महिन्यांत पाय शाबूत होता. मग तुम्ही अहवाल लिहिलात, त्यात माघार लिहिलीत. त्या माणसाने आयुष्यात कशातून माघार घेतली नाही. ते बघा, दाराजवळ बसलेत. येताना त्यांच्याच बाजूने आलात तुम्ही.”

सगळ्या माना मागे वळल्या. बाबुरावांनी मान खाली घातली नाही. काठीवरचे हात तेवढे घट्ट झाले.

सुंदराबाईने माइक काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

“मी थांबलेय. मला नका सांगू, त्यांना सांगा. काय करायला हवं होतं? गोळीचं एक वाक्य फोनमध्ये का घातलं नाहीत? आणि ती ओळ कधी खोडताय? सांगा साहेब. सगळे ऐकतायत. उत्तर द्या.”